पुन्हा एकदां

‘पुन्हा’ हा शब्द दिसावयास लहान. पण एकदां घरांत शिरला कीं बिऱ्हाड करून राहतो. आमच्या जळगांवच्या घरीं तो २०२४ च्या जूनमध्यें आला. चिरंजीव त्या वर्षीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस प्रथमच बसला होता. त्याचे गुण वाईट नव्हते; परंतु त्या सालीं साऱ्या देशांतच गुणांना महापूर आला होता. पहिल्या निकालांत ६७ विद्यार्थ्यांस ७२० पैकीं ७२० मिळाले, पेपरफुटीचा बोभाटा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि जुलैंत न्यायालयानें सर्वांची फेरपरीक्षा घेण्यास नकार दिला. या गदारोळांत आमच्या मुलाची जागा कोठें वाहून गेली, तें आम्हांस कळलेंच नाहीं. ‘पुन्हा एकदां बैस,’ मीं म्हटलें. तीस वर्षें शाळेंत ‘प्रयत्नांतीं परमेश्वर’ फळ्यावर लिहिलेल्या मास्तराच्या तोंडून दुसरें काय निघणार?

२०२५ सालीं उलटा प्रकार. प्रश्नपत्रिका अशी कठीण निघाली कीं, देशांत पहिल्या आलेल्या मुलासहि ६८६ गुणच पडले. आमच्या मुलाचे गुण घटले आणि रांगेंतली जागा मात्र थोडी पुढें सरकली. तरी सरकारी दंत महाविद्यालयाच्या उंबऱ्यापर्यंत ती पोंचली नाहीं. बावीस लाखांहून अधिक मुलांची ती रांग!

दंत महाविद्यालय म्हटल्यावर वाचकांच्या मनांत जें येईल, तें आमच्या शेजाऱ्यांच्याहि मनांत आलें. वैद्यकी आणि दंतवैद्यकी यांना परीक्षा एकच. तेव्हां दांतांकडे वळणारे म्हणजे पहिली पंगत उठल्यावर पाटावर बसणारे, अशी समजूत आहे. आमच्या मुलास मात्र पहिल्यापासून दांतच हवे होते. याचें कारण यावल तालुक्यांत शेती करणारे माझे थोरले बंधू. गुटख्यावर राज्यांत २०१२ सालीं बंदी आली, पण ती दादांच्या खिशापर्यंत कधीं पोंचली नाहीं. पुढें तिखट सोसेना, घांस लहान लहान करावा लागे. एकदां दाढ दुखते म्हणून ते दंतवैद्याकडे गेले. त्यानें दाढेकडे पाहण्यापूर्वीं त्यांना स्वतःचीं तीन बोटें एकावर एक धरून तोंडांत घालावयास सांगितलें. निरोगी माणसाचीं तीन बोटें बहुधा सहज जातात. दादांचें एकच कसेंबसें गेलें. मुलगा तेव्हां नववींत होता व त्यांच्याबरोबर होता. घरीं येऊन त्यानें आम्हां सर्वांचीं तोंडें मोजलीं. पोळ्या लाटणाऱ्या त्याच्या आईसहि त्यानें सोडलें नाहीं. त्या दिवसापासून त्याचें ठरलें.

खाजगी महाविद्यालयांत जागा मिळण्यासारखी होती. चार वर्षें शिक्षण आणि वर एक वर्ष उमेदवारी, असा पांच वर्षांचा हिशेब मीं मांडला. वांट्यास आलेला केळीच्या जमिनीचा तुकडा विकल्यावांचून बेरीज जुळेना. ‘अण्णा, ती जमीन विकून मी शिकणार नाहीं,’ एवढें बोलून त्यानें येथील महाविद्यालयांत बी.एस्सी.स नांव घातलें.

तिसऱ्यांदा बसावें कीं नाहीं? वयाची वरची अट २०२२ सालीं निघून गेली आहे आणि कितीहि वेळां बसतां येतें. उमेदवारास हें सोयीचें, पण थांबावें केव्हां तें आतां कोणी सांगत नाहीं. ज्याचें त्याच्या घरानेंच ठरवावयाचें. मी दादांकडे गेलों. ते दांतांआडून म्हणाले, ‘पहिली केळी कापली कीं तिच्याच पिलांवर पिलबाग घेतात, ती बरी येते. तिसऱ्यांदा तींच खोडें राखूं गेलास तर घड लहान पडतो.’ मीं म्हटलें, ‘दादा, केळीला कोणी विचारीत नाहीं, हा तर मुलगा आहे.’ ‘मग तूं तरी त्याला कधीं विचारलेंस?’

मला उत्तर सुचलें नाहीं.

दिवाळीनंतर धुळ्यास देवपुरांतल्या माझ्या बहिणीला कवळी बसवावयाची होती. सोबतीस मी मुलाला घेऊन निघालों. एस.टी.नें एरंडोल, पारोळा करीत जाणारा तो रस्ता मला पाठ आहे. पण त्या दिवशीं विचारावयाचा प्रश्न जिभेवरून उतरेना आणि आम्ही दोघे खिडकीबाहेर कपाशी पाहत बसलों. धुळ्यांतील एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयांत शेवटच्या वर्षाच्या एका मुलीनें बहिणीच्या जबड्याचें माप घेतलें. हात इतका हलका कीं बहिणीनें हूं कीं चूं केलें नाहीं. मुलानें तिला विचारलें, ‘ताई, तुम्ही हेंच मागितलें होतें?’ ती हंसली. ‘छे, मेडिकल हवें होतें. आतां मात्र सोडवत नाहीं.’ हें ऐकून मला थोडा विषाद वाटला. ज्याला हवें तो बाहेर आणि जिला नको होतें ती आंत! पण त्या हाताकडे पाहिल्यावर तक्रार करण्यास तोंड राहिलें नाहीं.

मग चिरंजीव कोठें दिसेना. शोधतां शोधतां तो मागच्या प्रयोगशाळेंत सांपडला. प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवून एक मध्यमवयीन गृहस्थ एकेक दांत बसवीत होते, आणि हा शेजारीं उभा राहून प्रश्नांवर प्रश्न विचारीत होता. डॉक्टर माप घेतो, कवळी हे करतात; त्या कामाचा दोन वर्षांचा निराळा अभ्यासक्रम आहे.

परततांना पारोळें मागें पडल्यावर मीं विचारलें, ‘तुझ्या मनांत काय आहे?’

‘बी.एस्सी. न सोडतां २०२६ ला एकदां बसतों. चौथ्यांदा नाहीं. जागा नाहीं मिळाली तर तें दांत बनवण्याचें शिकेन. मला तोंडांतलें काम हवें आहे, अण्णा. पाटी तुम्हांला हवी आहे.’

खोटें कशाला सांगूं? ती पाटी मी दोन वर्षें मनांतल्या मनांत रंगवीत होतों. अक्षरें निळीं कीं काळीं एवढेंच ठरावयाचें राहिलें होतें. कवळ्या करणाऱ्याचा बाप म्हणून पेन्शनरांच्या कट्ट्यावर बसणें मला जड जाईल, हें त्यानें माझ्या आधीं ओळखलें होतें. एरंडोल येईपर्यंत मी गप्प होतों. मग म्हटलें, ‘बरें.’

सौ.ला मीं त्यांतला पहिला अर्धाच भाग सांगितला आहे. दुसरा केव्हां सांगणार, असें चिरंजीव रोज सकाळीं चहाच्या कपावरून मला डोळ्यांनीं विचारतो.