दार पाठ करताना

आमच्या ऑफिसातल्या एकमेव खिडकीत एसी बसवलेला आहे. त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस, हे गेली एकोणीस वर्षं मला येणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळतं.

मागच्या दिवाळीनंतर एक्सेलमध्ये एक नवी शीट उघडली. नाव दिलं ‘इतर’. खरं नाव द्यायचा धीर झाला नाही. जावळी खोऱ्यात मामाच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. नोकरी सोडून आपणही तेच करावं, असं मनात आहे. हिशेब मात्र मनाचं ऐकत नाही. वर्ष चांगलं गेलं तर पेटीमागे पाच-सात किलो मध. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा साखरेचा पाक पाजून माश्या जगवायच्या. म्हणजे आषाढ-श्रावणात पगार त्या घेणार आणि देणार मी! शीट दर वेळी तोट्यातच बंद होते.

धीर दिला तो माशीनेच. कामकरी माशी जन्मल्या जन्मल्या फुलावर जात नाही. मोसमात तिचं आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचं. त्यातले सुमारे तीन आठवडे ती पेटीच्या अंधारातच राबते. पोळं साफ करते, अळ्यांना भरवते, मेण गाळून नवी घरं बांधते, आलेला मकरंद उतरवून घेते, शेवटी दारावर पहारा देते. सगळी कारकुनी झाली, की उतारवयात फुलं. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, की पुढची ओळ वाचायला नको होती: त्या बाहेरच्या कामानेच तिचे पंख झिजतात.

मार्चमधल्या एका दुपारी मी पेटीसमोर बसले होते. पंधरा-वीस माश्या दाराबाहेर तरंगत होत्या. सगळ्यांची तोंडं पेटीकडे, झोके घेत घेत हळूहळू मागे सरकत होत्या. मला वाटलं, भांडण लागलंय.

“नव्या हैत,” मामा म्हणाला. “आधी दार पाठ करत्यात. मग लांब जायाचं.”

मी आजवर ऑफिसकडे पाठ कशी फिरवायची, एवढाच विचार करत होते. ते पाठ करावं, हे सुचलंच नव्हतं.

आता महिन्यातले दोन शनिवार-रविवार जावळीत जातात. मामा पेट्यांची नोंद झाकणावर खडूने करतो आणि पहिल्या पावसात ती धुऊन जाते. मी वही घातली आहे: कुठल्या पेटीत नवी राणी, कुठे मेणकिडा, कुणाला किती पाक. रकाने आखताना हात जरासुद्धा अडखळत नाही. तो हात कुठे तयार झाला, ते मला ठाऊक आहे.

रविवारी रात्री परतले, की घरचे विचारतात, “मग, राजीनामा कधी?”

“घिरट्या चालू आहेत,” मी सांगते आणि सोमवारसाठी डबा धुवायला घेते.