भाडे आधी, गोळी नंतर

लस, औषधे आणि घरभाडे हे तीन वेगवेगळे विषय आहेत, असे आपल्याला सतत सांगितले जाते. लशीवर डॉक्टरांनी बोलायचे, औषधांच्या किमतीवर अर्थतज्ज्ञांनी बोलायचे आणि घरभाडे हे तर मालक-भाडेकरू यांच्यातले खासगी प्रकरण! टीव्हीवरच्या चर्चाही अशाच वाटून दिलेल्या असतात. आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये टीबीच्या रुग्णांसोबत काम करतो. तिथे ही वाटणी टिकत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत हे तिन्ही प्रश्न एकाच पगाराच्या पाकिटात कोंबलेले असतात.

त्या पाकिटाचा हिशेब सरळ आहे. नवरा नाक्यावर उभा राहतो, बायको चार घरची धुणीभांडी करते. दोघांचे मिळून चौदा हजार येतात, तेही सगळे दिवस काम मिळाले तर. त्यातले साडेसहा हजार खोलीचे भाडे. तीच खोली काही वर्षांपूर्वी चार हजाराला होती. उरलेल्यात रेशन, गॅस, लाइटबिल, मुलांची फी. टीबीच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात हे खरे. पण त्याच रुग्णाला साखर असते, बीपी असते, डॉक्टरांनी बाहेरून लिहून दिलेला एक्स-रे असतो, ताकदीचे औषध असते. हे सगळे मेडिकलमधून विकत घ्यावे लागते. मग महिन्याच्या गोळ्यांऐवजी एकच पट्टी घेतली जाते, आणि ती एक दिवसाआड खाऊन वीस दिवस पुरवली जाते. "मावशी, गोळी का थांबवली?" असे आम्ही एकीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "घरमालक एक तारखेला दारात येऊन उभा राहतो. गोळी येते का दारात उभी राहायला?"

समाजशास्त्राच्या पुस्तकांत आम्ही दारिद्र्याच्या पुष्कळ व्याख्या वाचल्या. या मावशीच्या एका वाक्याने जेवढे कळले तेवढे त्यांतून कळले नव्हते. ज्या खर्चामागे मालक उभा आहे तो आधी भागवला जातो आणि ज्या खर्चामागे फक्त आपले शरीर उभे आहे तो मागे ढकलला जातो. आरोग्य खाते याला "उपचारात खंड" म्हणते आणि रुग्णाला समुपदेशनाला पाठवते. खंड का पडला, याचे उत्तर भाड्याच्या पावतीवर असते. आणि आमच्या वस्तीत पावतीही मिळत नाही!

शासन टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी पैसे देते. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. वाढ झाली, स्वागत आहे. पण ज्या घरात भाडे महिन्याला पाचशे-हजाराने वाढते तिथे ही रक्कम अंडी-दुधापर्यंत पोहोचण्याआधीच खोलीत विरून जाते. म्हणजे शासनाने दिलेला पोषण आहार शेवटी घरमालक खातो. हे आम्ही विनोदाने म्हणत नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोनच महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाईंना त्याच रोगाने नेले. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला आली. याच प्लेगच्या धक्क्याने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि या ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्यांतल्याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. ट्रस्टने गरिबांची घरे पाडलीही खूप, तो इतिहास झाकायचे कारण नाही. पण एक गोष्ट परकीय सरकारलाही कळली होती: साथ आली की लस आणि घर हे दोन्ही सार्वजनिक प्रश्न होतात. सव्वाशे वर्षांनी आपल्याच सरकारला ही गोष्ट समजावून सांगावी लागते, हे कसले लक्षण?

कोरोनात काय झाले ते आठवा. एप्रिल २०२१ मध्ये, लोक ऑक्सिजनसाठी तडफडत असताना, एकाच लशीचे तीन भाव जाहीर झाले. कोव्हिशील्ड केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० आणि खासगी रुग्णालयांना ६००. कोव्हॅक्सिन राज्यांना ६०० आणि खासगी रुग्णालयांना १,२००. ओरड झाल्यावर राज्यांचे दर अनुक्रमे ३०० आणि ४०० झाले. यातली कोव्हॅक्सिन तर आयसीएमआरच्या भागीदारीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून तयार झाली. संशोधनात जनतेचा पैसा, आणि विकत घेतानाही जनतेचाच पैसा! शेवटी सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटाला लशीचे पैसे भरायला लावणाऱ्या धोरणावर कडक ताशेरे ओढले आणि जूनमध्ये केंद्राने मोफत लशीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. गंमत अशी, की हेच सरकार ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेसोबत जागतिक व्यापार संघटनेत जाऊन लशीवरची पेटंटबंधने शिथिल करा म्हणून मागणी करत होते. जिनिव्हात समता आणि गोवंडीत तीन भाव.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांशी थोडे भांडायचे आहे. "लस हेच षड्यंत्र आहे", "बहुजनांची लोकसंख्या कमी करायचा डाव आहे" असे मेसेज आपल्या ग्रुपवर जयभीम लिहून फिरतात. अविश्वासाला कारण नाही असे आम्ही म्हणत नाही. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा प्रकल्प राबवताना आदिवासी मुलींच्या पालकांना न विचारता वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या गेल्या. त्यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये कठोर अहवाल दिला. आमच्या लेकींची संमती वॉर्डन कशी काय देऊ शकतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो प्रश्न संमतीचा आहे, माणुसकीचा आहे. त्यातून "लस घेऊ नका" हा निष्कर्ष निघत नाही. ज्यांना सगळे मिळते त्यांची मुले वेळेवर सगळ्या लशी घेतात. आपण नकार दिला तर मरणार कोण? बुद्धाने तपासून घ्यायला सांगितले. न तपासता स्वीकारणे जसे त्यात बसत नाही, तसे न तपासता नाकारणेही बसत नाही.

खरे षड्यंत्र शोधायचेच असेल तर ते उघड्यावर घडते, राजपत्रात छापून येते. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी या तीन सरकारी लस-संस्थांचे उत्पादन परवाने निलंबित झाले. टीबीवरची बीसीजी लस बनवणारी प्रयोगशाळा गिंडीचीच. त्रुटी असतील तर दुरुस्त करायच्या होत्या. निलंबन उठायला २०१० उजाडले. तोवर खासगी कंपन्यांवरचे अवलंबित्व वाढले ते वाढलेच.

औषधांचे गणितही असेच. पेटंट म्हणजे काय? सोप्या भाषेत, ज्ञानाच्या घरावर वीस वर्षे भाडे वसूल करण्याचा परवाना. संशोधनाला खर्च येतो, तो भरून निघाला पाहिजे, हे मान्य. पण भाडे किती घ्यायचे याला मर्यादा आहे की नाही? मार्च २०१२ मध्ये भारताने कर्करोगावरच्या नेक्साव्हर या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांच्या आसपास आला. मधली सगळी रक्कम कशाची होती? टीबीच्या बाबतीत तर लढा रुग्णांनीच दिला. बेडाक्विलिन हे औषध-प्रतिरोधी टीबीवरचे महत्त्वाचे औषध. त्याचे पेटंट २०२३ नंतर आणखी चार वर्षे लांबवण्यासाठी कंपनीने अर्ज केला होता. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला विरोध नोंदवला. जुन्या, विषारी औषधांमुळे दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. पेटंट मिळण्याआधी कोणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, या कायद्यातल्या तरतुदीने हे घडले. आणि मार्च २०२४ मध्ये नियम बदलून याच हरकतीवर फी लावली गेली, हरकत ऐकायची की नाही हे आधी अधिकारी ठरवणार अशी सोय झाली. त्याच महिन्यात टीबीच्या औषधांचा तुटवडा पडून केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले होते. आमचे रुग्ण तेव्हा एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर पायपीट करत होते.

आता भाड्याकडे. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडे नोकरी होती, परदेशातले शिक्षण होते, भाडे द्यायची तयारी होती. तरी पारशी सराईतून त्यांना अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. म्हणून "पैसे असले की घर मिळते" हे बाजाराचे तत्त्व आपल्याला सांगू नये. आजही दलाल आडनाव विचारतो, मग "मालकांना व्हेज फॅमिली पाहिजे" म्हणतो. परिणाम काय? चांगल्या वस्तीतली दारे बंद झाली, की आपली माणसे ठरावीक वस्त्यांतच खोल्या शोधतात, तिथे मागणी वाढते आणि भाडे चढते. जात अशी थेट भाड्यात उतरते. अस्पृश्यतेचा हा दंड आपण दर महिन्याला रोख भरतो.

आणि वस्तीतला घरमालक आपलाच असेल तर? हा प्रश्न आपण टाळतो. आपल्यातलेही काही जण चार-चार खोल्यांचे मालक झाले आहेत. घरात बाबासाहेबांचा फोटो असतो आणि टीबी झाल्याचे कळताच भाडेकरूला खोली खाली करायला सांगतात. बाहेरच्याने केले तर अत्याचार आणि आपल्याने केले तर व्यवहार, असे दोन कायदे चालणार नाहीत. विहाराच्या बैठकीत हे बोलले पाहिजे.

मग करायचे काय? एक, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकराराची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे, हे प्रत्येक भाडेकरूला सांगा. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. दोन, केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. राज्यात ही मर्यादा लागू करा आणि उपचार चालू असलेल्या रुग्णाला घराबाहेर काढण्यावर बंदी घाला, अशी मागणी आमदारांच्या दारात न्या. तीन, डॉक्टरांकडे औषधाचे मूळ नाव लिहून मागा. चार, सरकारी लस आणि औषध कारखाने वाचवणे हा आरक्षणाइतकाच आपला प्रश्न माना, कारण तिथल्या नोकऱ्याही आपल्या आणि तिथल्या गोळ्याही आपल्याच.

१४ एप्रिलला आपण डीजेवर जो खर्च करतो त्यातला थोडा वाटा काढून प्रत्येक विहारात एक औषध-पेटी आणि भाडेकरू मदत कक्ष सुरू होऊ शकतो. आमच्या भागातल्या तीन मंडळांनी होकार दिला आहे. चौथ्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः घरमालक आहेत. त्यांच्याशी बोलणे चालू आहे. तुमच्या वस्तीत सुरुवात कुठून करणार?

जयभीम!