वारस नोंदीचा उन्हाळा

इन्सुलीतल्या आमच्या काजूच्या जमिनीचा सातबारा परवापरवापर्यंत आजेसासऱ्यांच्या नावावर होता. ते जाऊन साठ वर्षे होत आली, मागून सासरेही गेले, तरी कागदावर खातेदार तेच. आमच्या वाडीत बहुतेक घरांची हीच कथा आहे. निम्मे घर मुंबईत, उरलेल्यांतले निम्मे रोज सीमा ओलांडून गोव्यात नोकरीला. चतुर्थीला सगळे एका छताखाली येतात खरे, पण आरती-भजनाच्या गडबडीत जमिनीचा विषय कुणाला काढवत नाही. शिवाय मनात एक भीती घर करून असते, की नोंद करायला गेले म्हणजे भांडण उपटते. म्हणून सगळे गप्प बसतात, आणि काजूची नुकसानभरपाई किंवा फळपीक विमा मिळवायची वेळ आली की मयत खातेदाराची सही कुठून आणायची हा प्रश्न पडतो.

१ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि आमच्याही घरात हालचाल झाली. आधी चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची, मग वारसांनी कागद द्यायचे, मग फेरफार घालून १० मेपर्यंत नावे चढवायची, असा तिचा आराखडा होता. सासूबाईंनी मला बोलावून सांगितले, ‘आता तू बघ. माका जमाचा नाय.’ मी या घरात सून म्हणून आले, पण कागद वाचायची सवय मला माहेरापासून आहे.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. आमच्या भागात दुखणे हाताबाहेर गेले की माणसाला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेतात. सासरेही तिथेच गेले. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, जिथे राहतो तिथे नाही. १९६९ चा कायदा सगळ्या देशाला लागू असल्यामुळे गोव्यात झालेली नोंद महाराष्ट्रातही चालते. पण गावातली कितीतरी माणसे दाखल्यासाठी आपल्याच ग्रामपंचायतीत जातात आणि तिथे नोंदच नाही म्हटल्यावर हबकतात. ज्यांचे माणूस सीमेपलीकडे गेले असेल त्यांनी दिवसकार्य आटोपले की आधी तिकडचा दाखला आणावा आणि त्यावरचे नाव आधारशी ताडून पाहावे. एकवीस दिवसांत खबर गेली असेल तर काम सरळ असते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

आजेसासरे १९६९ च्या आधी वारलेले. त्या काळच्या गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींना लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि ती तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नक्कल मिळण्यासाठी मी सावंतवाडीला लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. तोंडी विचारणाऱ्याला ‘नंतर बघू’ म्हणता येते, पण आवक क्रमांक असलेला अर्ज कार्यालयाला निकाली काढावाच लागतो. ज्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित आहेत, त्यांना तर मुदत ठरलेली आहे, आणि कारण नसताना ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मला त्या कलमाचे नाव काढावे लागले नाही. अभिलेख कक्षातल्या माणसाने कापडी बस्ता सोडून वही मेजावर ठेवली. पाने तपकिरी झालेली, कडा कसरीने खाल्लेल्या, शाई जांभळी. बोट फिरवत फिरवत तो एका ओळीवर थांबला. आजेसासऱ्यांचे नाव, वय, वाडी, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ‘ताप’.

पण त्या ओळीत त्यांचे पूर्ण नाव होते, आणि सातबारावर घरात हाक मारायचे ते नाव. माणूस एकच, नावे दोन. जुन्या सातबारांत हे सर्रास आढळते. यावर उपाय म्हणजे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे स्वयंघोषणापत्र आणि सोबत पोलीस पाटलांचा दाखला. पुष्कळ ठिकाणी अशा कामासाठी स्टॅम्प पेपर आणि नोटरी करायला सांगतात आणि गरीब माणूस नाहक खर्चात पडतो. बऱ्याचशा सरकारी कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते, हा शासन निर्णय २०१५ पासून आहे. आधी तलाठ्यांना विचारावे, मगच पैसे खर्च करावेत. (पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, आम्ही अजून तलाठीच म्हणतो.)

खरे काम पुढे होते. वारसांची यादी.

आजेसासऱ्यांना दोन मुलगे आणि दोन मुली. थोरली मुलगी वारली, तिची मुले दोडामार्गला. धाकटी लालबागला, ऐंशीच्या पुढची. मी वंशावळीत चारही फांद्या काढल्या तेव्हा चुलत दीर म्हणाले, ‘वैनी, चेडवांची नावां कित्याक घालतास? उद्या एक कलम तोडूचा म्हटला तरी सगळ्यांक इचारूक व्हया.’ ते वाईट मनाने बोलत नव्हते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आले आहे. लेक लग्न करून गेली की यादीतून जाते. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या मिळकतीत मुलगी वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला. यादी अपुरी देऊन खाली ‘वरील माहिती खरी आहे’ अशी सही करणे म्हणजे खोटे बोलणे, आणि ते मी करणार नव्हते.

दिरांना मी शांतपणे सांगितले, की बहिणींना हिस्सा नको असेल तर दुय्यम निबंधकासमोर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून त्या तो सोडू शकतात. तो त्यांचा निर्णय. यादीतून नाव गाळणे हा आपला निर्णय होतो, आणि तो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय गाळलेला वारस कधीतरी प्रांतांकडे अपील करतोच, आणि मग नातवंडे तारखा घेत बसतात. दीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतून मुंबईच्या पत्त्यांची वही घेऊन आले आणि म्हणाले, ‘लिव.’

अर्ज एका वारसाने केला तरी चालतो, सगळ्यांनी गावी यायची गरज नसते. तलाठी चौकशी करून वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, नोंद करतात. मंडळ अधिकाऱ्यांचा आदेश झाला की फेरफार धरला जातो आणि सर्व हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. कुणी हरकत घेतली तर तक्रार प्रकरण चालते, नाहीतर नोंद प्रमाणित होते. हक्क मात्र नोंदीमुळे येत नाही, तो मरणाच्या क्षणीच वारसांकडे येतो. नोंद फक्त तसे लिहून ठेवते. हे सासूबाईंना समजावल्यावर त्यांची धाकधूक पुष्कळ कमी झाली.

लालबागला नोटीस पोचली त्या संध्याकाळी आत्यांचा फोन आला. मला वाटले, घाबरल्या असतील. त्या म्हणाल्या, ‘बाबांच्या जमनीत माजा नाव घातलात मां?’ मी हो म्हटले. त्यांनी ते पुन्हा विचारले, मग फोन नातीकडे देऊन तिला नोटीस मोठ्याने वाचायला लावली, मला ऐकू यावी म्हणून. हक्कसोड करणार का, असे दिरांनी पुढे कधीतरी विचारले, तेव्हा त्यांनी स्वच्छ नाही म्हणून सांगितले. काजूचे उत्पन्न जो राबतो त्याने खावे, नाव मात्र राहू दे, एवढीच त्यांची अट. दिरांनी ती मान्य केली.

ऑनलाइन पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्यावर सासूबाईंचे नाव आहे, माझ्या यजमानांचे, नणंदेचे, दिरांचे, आत्यांचे आणि दोडामार्गच्या आतेभावंडांचेही.

घराची वारस नोंद अजून व्हायची आहे. जमीन महसूल खात्याकडे, तर घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, आणि एकीकडचे नाव बदलले म्हणून दुसरीकडचे आपोआप बदलत नाही. नमुना आठ हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, पण वीजजोडणीपासून घर दुरुस्तीपर्यंत सगळीकडे तोच मागतात. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, मासिक सभेत विषय येईल. सोबत जोडलेली यादी तीच, एकही नाव कमी न केलेली.