रतनवाडीच्या वाटेवरचे पाच रंग

नगरच्या बाजारपेठेतून पावसाळ्यात पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाला एकाच जिल्ह्यात दोन मुलूख भेटतात. राहुरी, संगमनेरपर्यंत शेतकऱ्याची नजर पुष्कळदा रिकाम्या आभाळाकडे लागलेली असते. अकोले, राजूर मागे पडले की गाडीच्या काचेवर पावसाचा पडदाच उतरतो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाला वळसा घालून रस्ता रतनवाडीस पोहोचतो. अमृतेश्वराचे कोरीव प्राचीन देवालय पाहून बहुतेक कुटुंबे गाड्या माघारी वळवतात. जी मंडळी रतनगडाच्या पायवाटेने तासभर चालतात, त्यांना पावसाळ्याची खरी श्रीमंती दिसते. मात्र डोंगराकडे पाहून नव्हे, पायाखाली पाहून.

पडलेल्या खोडावर केशरी-पिवळ्या, चमच्याच्या आकाराच्या लवलवत्या पाकळ्या दाटीने उगवलेल्या असतात. वाळक्या फांदीवर शेंदरी-तांबडी, चामड्यासारखी चिवट अर्धवर्तुळे. कुजक्या लाकडातून काळी बोटे वर आलेली. प्रथम पाहणारा दचकतोच. आणि वारुळालगत शेकडो इवल्या पांढऱ्या छत्र्या, जणू कोणाच्या हातून राजगिऱ्याच्या लाह्या सांडल्या. या पांढऱ्या अळंबीची हकीकत विलक्षण आहे. तिची लागवड वाळवी करते. पाला व लाकूड चावून केलेल्या चोथ्यावर ती जमिनीखाली बुरशी जोपासते आणि त्यावरच पोसते. पावसाने माती भिजली की त्याच बुरशीच्या छत्र्या उजेडात येतात. डोळ्यांना दिसते ते केवळ फळ. देह तंतुरूपाने मातीत असतो.

जैन घरात अळंबी ताटात येत नाही, तरी तिच्या गोत्राशी घरातील वडीलधाऱ्यांची ओळख जुनी आहे. पावसाळ्यात पापडाचा डबा उघडून लीलनफूलन धरली नाही ना, हे बारकाईने पाहणारी आजी जे शोधते, ते याच सृष्टीचे लहान रूप. आगमांनीही त्याची दखल घेतली आहे. प्रज्ञापनासूत्रात वनस्पतीच्या भेदांत ‘कुहण’ हा वेगळा भेद येतो, छत्रकादी त्यातच. कल्पसूत्रात वर्षावासात जपावयाच्या आठ सूक्ष्मांमध्ये ‘पनक’ म्हणजे बुरशी आहे आणि तिचे पाच रंग सांगितले आहेत: काळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा. आधुनिक विज्ञानाने रॉबर्ट व्हिटेकर यांच्या १९६९ सालच्या मांडणीत बुरशीला वनस्पतींपासून वेगळी सृष्टी मानले. तिच्या पेशींच्या भित्तींत कायटिन असते, जे कीटकांच्या कवचातही असते.

चार रंग या वाटेवर एका दुपारीही भेटू शकतात. निळ्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तो घरी विसरलेल्या लिंबावर सापडतो.

मुलांचा हात मात्र आवरावा लागतो. भडक ती विषारी व पांढरी ती निर्धोक, हा समज घातक आहे. पावसाळ्यात गवतात उगवणाऱ्या एका पांढरट, मोठ्या छत्रीच्या खालच्या पडद्यांवर पुढे हिरवट छटा येते. ती खाणाऱ्यास उलट्या-जुलाबांनी हैराण करते. कोवळेपणी ती खाद्य अळंबीसारखीच दिसते. रानाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असलेले ठाकर व महादेव कोळी अळंबी पारखून घेतात; शहरातून आलेल्याने छायाचित्रावरून तो निवाडा करू नये. शिवाय हे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे. पाहावे, वाकून पाहावे, तोडू नये.

याच सह्याद्रीच्या रांगेत दक्षिणेला, पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या रानात, भर पावसाळ्यात काही कुजकी लाकडे रात्री हिरवट प्रकाशाने उजळतात. तोही बुरशीचाच प्रकाश. त्याला उष्णता नाही, धूर नाही. तो पाहण्यासाठी विजेऱ्या विझवून, डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत स्वस्थ उभे राहावे लागते. घाई असलेला प्रवासी तोवर काहीच न पाहता गाडीपाशी परतलेला असतो.