अजिंठ्याचा पाहुणा

इंग्लंडात जन्मलेला आणि मद्रासच्या फौजेत अधिकारी असलेला रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्यास आला, तो सरकारी आज्ञेने. लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढून विलायतेस धाडाव्यात, हे काम ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्यावर सोपविले होते. काम आटोपताच तो मायदेशी परतेल, असेच कोणासही वाटले असते. परंतु अजिंठा गावच्या बारादरीत त्याने बिऱ्हाड थाटले आणि उरलेले आयुष्य याच मुलखात वेचले.

काम सोपे नव्हते. लेण्यांत अंधार, भिंतींवर धूर, ओल आणि वटवाघळे यांनी आपली खूण उमटविलेली. त्या अंधूक उजेडात गिल एकेक रेषा न्याहाळी आणि मोठ्या कापडावर तैलरंगांनी उतरवी. या चित्रांत बुद्धाच्या कथा आहेत; पण राजांबरोबर दासदासी आहेत, वाटसरू आहेत, हत्ती, हरणे आणि वानरेही आहेत. प्राचीन काळचे लोक काय नेसत, कसे नटत, कसे हसत व शोक करीत, हे सारे त्यांत दिसते. पुढे गिलने छायाचित्रणाची कलाही अवगत केली. पारो नावाच्या तेथील स्त्रीशी त्याचे मन जडले. १८५६ साली ती निवर्तली, तेव्हा अजिंठा गावातील तिच्या थडग्यावर त्याने आपल्या प्रेमाची अक्षरे कोरविली.

लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. वर्षानुवर्षांचे श्रम क्षणात राख झाले! तरीही गिल हा मुलूख सोडून गेला नाही. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळात आहे.

पुढे जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती काढल्या. त्यांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. शिवाय रंग उजळावेत म्हणून प्रती काढणाऱ्यांनी भिंतींवर वार्निश फासले, त्यामुळे मूळ चित्रेच काळवंडली. प्रेमालाही ज्ञानाची जोड लागते, ती अशी.

प्रती दोनदा अग्नीच्या मुखी पडल्या. मूळ चित्रे मात्र कड्याच्या कुशीत अजून तग धरून आहेत. एका परक्याने त्यांच्यासाठी आयुष्य वाहिले. घटकाभर लेणी पाहावयास येणाऱ्या आपण त्या भिंतींवर नखाचाही ओरखडा उमटू देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.