चढावरची धाप

डेंग्यूनंतर पायांत बळच उरलं नाही, म्हणून विजेची सायकल घेतली. मोटर 250 वॅटची, ताशी 25 किलोमीटरपर्यंतच साथ देणारी. आज पाषाणहून चांदणी चौकाकडे चढताना तिने साथ सोडली. ब्रेकच्या मुठीतला सेन्सर अडकला होता. ब्रेक दाबलेलाच आहे असा संकेत जाऊन मोटरची वीज तुटली.

बॅटरीने जड झालेली सायकल पायांनीच रेटली. मांड्या भरून आल्या, छाती धपापली. पण ही धाप तापातली नव्हती. थांबलं की ओसरत होती. आजारात शरीर भाड्याच्या खोलीसारखं परकं झालं होतं. चढावर ते थोडं माझं वाटलं. पूर्ण कधी वाटेल, कोण जाणे.

सेन्सर उद्या दुरुस्त करून घेईन. तुम्हीही आजारातून उठला असाल, तर मोटरची मदत निःसंकोच घ्या.