आवाजाचा धनी

"बाबा, ही चोरी नव्हे!" आमचे चिरंजीव ठासून म्हणाले.

सुट्टीत जळगावच्या घरी ते संगणकावर एक खेळ रचीत बसले होते. पहाटे केळीच्या बागांतून निघालेली बैलगाडी वेळेत बाजारगावी पोचवायची, एवढाच खेळ. पण बैलांच्या घुंगुरमाळा वाजत होत्या, आभाळ गडगडत होते. आणि हे सारे आवाज फुकट आणलेले! बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेल्या 'फ्रीसाउंड' या संग्रहातून.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. गाइडातून उतरवलेल्या उत्तरांवर लाल रेघा ओढण्यात निम्मी हयात गेलेली. फुकट म्हटले की मला चोरीचाच वास येतो! तेव्हा चिरंजीवांनी मला 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने समजावून दिले. कोणी आवाज देऊन मोकळा होतो, नावही मागत नाही. कोणी म्हणतो, खुशाल वापरा, पण माझे नाव द्या. कोणाची अट, त्यावर पैसे मिळवू नका. खेळाच्या शेवटी पोराने सगळ्या देणाऱ्यांची नावे लिहिली होती; ज्यांनी मागितली नव्हती, त्यांचीसुद्धा.

जात्याचा आवाज मात्र त्याच्या मनासारखा मिळेना. म्हणून आम्ही धुळ्याला आईकडे गेलो. तिने जात्यात मूठभर ज्वारी घातली, नातवाने मोबाइल पुढे धरला. घरघर सुरू झाली आणि सवयीने तिच्या ओठांवर ओवी आली.

"आजी, याच्याखाली तुझं नाव घालतो."

"आवाजले नाव कसाले रे भाऊ?" आई हसली.

मला हसू आले नाही. एम. ए.ला असताना ओव्यांवर मी एक निबंध लिहिला होता. त्यातल्या तीन ओव्या आईने स्वतः रचलेल्या. निबंधाचे कौतुक झाले. ओव्यांखाली मी लिहिले होते, 'कवयित्री अज्ञात'.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ साली ती आईच्याच नावाने प्रसिद्ध केली. हे मी दर वर्षी वर्गात मोठ्या उमाळ्याने सांगतो!

आता आईच्या जात्याचा आवाजही त्या संग्रहात गेला आहे, 'नाव द्या' या अटीवर. तिचे नाव मीच लिहिले, पूर्ण.

तो जुना निबंध सध्या शोधतो आहे. लाल शाई घरात आहेच.